मुधोळच्या वाटेवर : राखणीची कुत्री घेताना

बैल घ्यायचा तर आपण चार बाजार पालथे घालतो. दात पाहतो, खूर पाहतो, दोन तास औताला जुंपून पाहतो. गाय घ्यायची तर दोन वेळची धार स्वतः काढून पाहतो. पण वस्तीवर राखणीला कुत्रे आणायचे म्हटले की आपली ही सारी हुशारी गुंडाळून ठेवली जाते. कोणी तरी पिशवीतून पिल्लू आणून देतो, किंवा यात्रेत डोळ्यांत भरले म्हणून आपण ते उचलतो. पुढचे सगळे नशिबावर.

मी स्वतः हेच केले होते. शेतकऱ्यांना बियाणे पारखून घ्या म्हणून सांगण्यात माझी नोकरी गेली, आणि २०२१ साली बहिणीच्या वस्तीसाठी मी एका बाजारातून दोन महिन्यांचे म्हणून एक देखणे पिल्लू घेतले. लस टोचल्याचा कागद मागितला नाही. आठव्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली आणि दहाव्या दिवशी ते गेले. पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या लहान भाचीने चार दिवस जेवण टाकले होते. त्यामुळे जुनी कुत्री म्हातारी झाली, रात्री तिला ऐकू येईना, आणि कोल्ह्याने दोन कोकरे नेली, तेव्हा दाजी मला स्पष्टच म्हणाले, “पाव्हणं, आता पिल्लू नको. वर्ष-सव्वा वर्षाची, हाताखाली आलेली कुत्री बघा. आणि या बारीला कागद मागा.”

म्हणून गेल्या पौषात आम्ही दोघे मुधोळला निघालो. त्या प्रवासाची ही हकिकत. तुमच्यापैकी कोणाला असाच सौदा करायचा असेल तर तिचा उपयोग होईल.

वाट आणि गाव

मंगळवेढ्याहून उमदीमार्गे विजापूर, म्हणजे आजचे विजयपुर, आणि तेथून जमखंडीवरून मुधोळ. पौषात या वाटेने जाण्यासारखे सुख नाही. दोन्ही अंगांना शाळू उभा, काळ्या जमिनीवर हिरवागार, आणि कणसांवर पाखरांचे थवे. विजापूरहून जमखंडीकडे जाताना कृष्णा ओलांडावी लागते. तेथे चिक्कपडसलगीचा बंधारा अवश्य पाहा. १९८९ साली सरकारची वाट न पाहता या भागातल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून आणि स्वतः राबून तो उभा केला. सिद्दू न्यामगौडा हे त्यांचे पुढारी. नदी दाराशी असून उन्हाळ्यात कोरडे राहणाऱ्या रानांना त्या पाण्याने ऊस दाखवला. दाजी बराच वेळ बंधाऱ्यावर उभे राहिले. “आपल्याकडं एवढ्या लोकांचं एकमत झालं असतं का?” एवढेच बोलले.

जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान, मुधोळ घोरपड्यांचे. घटप्रभेच्या काठचे हे गाव १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर मुंबई प्रांतात होते, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. जिल्हा बागलकोट. कन्नड महाकवी रन्नाचे गाव म्हणून तिकडे त्याचा मान आहे. आपली मोडकीतोडकी मराठी तेथे चालते, आणि बोलणाऱ्याला तुम्ही आपुलकीने दोन कानडी शब्द ऐकवलेत तर चहा चुकत नाही.

या गावाचे नाव दूरवर पोहोचवले ते कुत्र्यांनी. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि हरणासारखे पाय असलेले हे कुत्रे. तिकडे त्याला ‘बेटे नायी’, म्हणजे शिकारी कुत्रे म्हणतात. आपल्या मराठवाड्यात त्याला कारवान म्हणतात, आणि ज्याच्या कानांना व शेपटीला रेशमी केसांची झालर असते तो पश्मी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीकडे लक्ष पुरवले आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. २००५ साली या कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले. २०१६ साली येथील कुत्री लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात शिक्षणासाठी गेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात या जातीचे नाव घेतले, तेव्हापासून शहरातून मागणी फार वाढली. मागणी वाढली की भाव वाढतो आणि भावाबरोबर भेसळही वाढते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आधी नजर तयार करा

गावाजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. आम्ही तेथे सौदा करायला नव्हे, तर नजर तयार करायला गेलो. ज्याने अस्सल वाण शेतात उभे पाहिले आहे त्याला भेसळीचे बियाणे लगेच कळते, तसेच हे आहे.

तेथे दोन-तीन गोष्टी डोळ्यांत ठसल्या. या जातीच्या मादीची खांद्यापाशी उंची साधारण ६४ ते ६८ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी अधिक ते सव्वादोन फूट असते. अंगावर चरबी नसते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसतात. दाजींना पहिल्यांदा वाटले की यांना पोटभर खायला घालत नाहीत. तसे नाही, या कुत्र्याचा बांधाच तो आहे. उपाशी कुत्रे ओळखायचे ते बरगड्यांवरून नव्हे, तर मांडीवरून. मांडीचे मांस घट्ट आणि भरलेले असेल आणि केस तुकतुकीत असतील तर कुत्री निरोगी समजा.

दुसरी गोष्ट स्वभावाची. अनोळखी माणसाने हात लावलेला या कुत्र्याला खपत नाही. तुम्ही दारात गेल्यावर शेपूट हलवत अंगावर आली नाही म्हणून तिला वाईट ठरवू नका. मात्र धन्याच्या पायामागे दडून थरथरणारी किंवा धन्यावरच गुरगुरणारी कुत्री घेऊ नका.

तिसरी गोष्ट कामाची, आणि ही नीट ध्यानात ठेवा. हे कुत्रे वासापेक्षा नजरेने काम करते. दूरवर हललेले त्याला आधी दिसते आणि ते सुसाट सुटते. राखणीला, कोल्ह्याला हुसकायला, रात्री चाहूल द्यायला ते उत्तम. पण मेंढरे वळवून आणणे हे त्याचे काम नव्हे. लांडग्यांच्या टोळीसमोर किंवा रानडुकरासमोर एकटे सोडाल तर सुळ्याच्या एका फटक्यात ते फाडले जाईल. आणि सशामागे सोडण्याची जुनी हौस आता विसरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. विकणारा “आत्ता ससा धरून दाखवतो” म्हणाला तर हात जोडा आणि नको म्हणा.

पहिली वस्ती

या भागात जातिवंत कुत्री बहुतेक शेतकऱ्यांच्याच घरी वाढतात. ज्वारी, मका किंवा गव्हाची कण्यांची पेज, त्यात दूध, कधी अंडे, असा खुराक. घरातल्या बायका हे सारे करतात. म्हणून पहिला सल्ला हा, की कुत्री बघायला जाल तेव्हा घरातल्या बाईशी आणि मुलांशी बोला. धनी भाव सांगतो, पण कुत्रीची खरी हकिकत त्यांना माहीत असते.

पहिल्या वस्तीवर पंधरा महिन्यांची एक पिवळसर तांबूस मादी होती. इतकी देखणी की दाजींनी खिशाकडे हात नेला. भाव फक्त अठरा हजार. तोंड उघडून पाहिले. दात स्वच्छ, सगळे आलेले. कुत्र्याचे दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडून ४२ पक्के दात येतात. म्हणून “दीड वर्षाची” म्हणून दाखवलेल्या कुत्रीचे सुळे अजून अर्धेच वर आले असतील तर ती लहान आहे असे समजावे. उलट पुढचे खालचे दात झिजून सपाट झाले असतील तर ती सांगितल्यापेक्षा मोठी आहे. हिरड्या पाहिल्या. निरोगी हिरडी गुलाबी असते. पांढरट हिरडी म्हणजे पोटात जंत किंवा गोचिडतापाची शंका.

एवढ्यात मला तिच्या बसण्याच्या पोत्यावर रक्ताचे थेंब दिसले. धनी म्हणाला, “माजावर आली आहे.” तेही खरे असू शकते. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि माज सुमारे तीन आठवडे चालतो. पण दारात उभी असलेली त्याची मुलगी सहज बोलून गेली, की दसऱ्यापासून असेच आहे. दसरा कोठे आणि पौष कोठे! तीन महिने कोणताच माज टिकत नाही.

मी पशुवैद्य नाही, पण गावगाड्यात फिरताना इतके पाहिले आहे. गावठी कुत्र्यांच्या संगाने पसरणारी एक गाठ मादीच्या जननेंद्रियात होते आणि तिच्यातून असे रक्त ठिबकत राहते. हा रोग वेळीच दाखवला तर इंजेक्शनांनी बहुधा बरा होतो. धन्याला मी एका बाजूला घेऊन हे सांगितले. तो फसवायला बसला नव्हता, त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. त्याने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेण्याचे कबूल केले. आम्ही सौदा न करता उठलो. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, “अठरा हजारांत बरी पडली असती.” मी म्हटले, “स्वस्त का होती ते आता कळलं ना?”

दुसरी वस्ती आणि भावाची मांडणी

दुसरी मादी मिळाली ती उसाच्या फडापलीकडच्या वस्तीवर. रंगाने राखाडी, छातीवर पांढरा पट्टा, एक कान काटेरी तारेत फाटलेला. वय चौदा महिने. दाजींना ती आवडली नाही. पण मला तिचे वागणे आवडले. शेळ्या तिच्या अंगावरून ये-जा करीत होत्या आणि ती डोळे मिटून पडली होती. आम्ही बांधावर पाऊल ठेवताच मात्र ती उठून उभी राहिली, दोनदा भुंकली आणि धन्याकडे पाहू लागली. राखणीच्या कुत्रीकडून याहून जास्त काय हवे?

तिला आम्ही पुढीलप्रमाणे पारखले. तुम्हीही असेच करा. एक, कोंबड्या आणि करडांमधून साखळीने फिरवून पाहिले, कोणावर झेप घेते का. दोन, मोकळ्या रानात धन्याला पळायला लावून तिला मागे सोडले. धावून आल्यावर लंगडते का, धाप किती वेळात बसते ते पाहिले. तीन, ती दूर असताना हाक मारायला लावली. दोन हाकांत परत आली. चार, धन्याच्या बायकोने तिच्या पुढ्यातली थाळी अर्ध्यावर उचलली. ती गुरगुरली नाही. पाच, संध्याकाळपर्यंत थांबून अंधारात ती काय करते ते पाहिले. घाईची माणसे हे पाचवे टाळतात, आणि राखणीला तेच महत्त्वाचे.

मग मी एकच प्रश्न विचारला, आणि तुम्हीही तो विचारल्याशिवाय पैसे काढू नका : “एवढी चांगली आहे तर विकता का?” पैदाशीची, कामाची तरुण मादी सहसा कोणी दाराबाहेर काढत नाही. कारण पटण्यासारखे हवे. येथे तिची आई दारात होती, आणि लेक वयात आल्यापासून दोघींची रक्त निघेपर्यंत भांडणे होत. फाटक्या कानाला तारेबरोबर आईचाही हात लागला होता, हे धन्याच्या बायकोने हसत सांगितले. कारण पटले.

धन्याने अठ्ठावीस हजार सांगितले. दाजी उठायला लागले. मी त्यांना बसवले आणि धन्यासमोरच पाटीवर हिशेब मांडला. तेव्हाच्या तिथल्या भावाने दोन महिन्यांचे पिल्लू आठ हजारांचे धरले. त्यानंतर बारा महिन्यांचा खुराक, घरच्या धान्यासह दिवसाला तीस रुपये, म्हणजे महिन्याला नऊशे, वर्षाचे दहा हजार आठशे. लसी, जंताचे औषध, दवाखाना मिळून सतराशे. एकूण झाले वीस हजार पाचशे. शिवाय त्याच वेतातले एक पिल्लू चौथ्या महिन्यात त्याच्याकडे मेले होते. तो तोटा कोणी तरी सोसलाच. आणि शेळ्यांत राहायची, हाकेला यायची सवय लावली त्याची मजुरी. हिशेब पाहून धनी खाली आला आणि दाजी वर आले. तेवीस हजारांवर सौदा तुटला.

हे आकडे तुमच्या भागात, तुमच्या वेळी वेगळे असतील. पण रीत हीच ठेवा. पिल्लाचा भाव, अधिक वाढवण्याचा खर्च, अधिक जगण्याची जोखीम, अधिक शिकवण. या बेरजेपेक्षा फार वर सांगितले तर त्या जादा पैशात काय मिळते ते विचारा. फार खाली सांगितले तर काय लपवले आहे ते शोधा. केवळ पिल्ले विकण्यासाठी मादी घेणारे जास्त पैसे मोजतात. राखणीला हवी असेल तर त्यांच्याशी चढाओढ करू नका. नाव नोंदल्याचा कागद असेल तर भाव वाढतो. एका संस्थेच्या कागदावर हीच जात ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून, तर दुसरीच्या कागदावर ‘मुधोळ हाउंड’ म्हणून लिहिलेली असते, त्याने गोंधळू नका. पण कोल्ह्याला कागद वाचता येत नाही, हेही विसरू नका.

कागद आणि कायदा

तरीही दोन कागद घ्याच. पहिला लसींचा, पशुवैद्याच्या सहीचा, त्यात पिसाळ रोगाची लस तारखेसह हवी. दुसरा साध्या वहीच्या पानावर लिहिलेली पावती : तारीख, वय, रंग, खूण, रक्कम, दोघांच्या सह्या. आम्ही त्यात एक अट घातली, की दहा दिवसांत पशुवैद्याने दोष काढला तर कुत्री परत. धन्याने हरकत घेतली नाही. जो अशा अटीला चिडतो त्याच्याकडून न घेतलेले बरे.

श्वान पैदास व विक्रीचे नियम २०१७ साली लागू झाले आहेत. पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांच्या आत मादी फळवायची नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नाही आणि जन्मात पाचांहून अधिक वेते नाहीत. मोठ्या कुत्र्याच्या विक्रीबाबतही नियम पाहण्यासारखे आहेत. निघण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. पिल्ले नको असतील तर नसबंदी करून घेणे उत्तम. मात्र डॉक्टरांना ही बारीक अंगाच्या शिकारी जातीची कुत्री आहे हे आधी सांगा, कारण अंगात चरबी कमी असल्याने काही भुलीची औषधे या जातीला जड जातात.

परतीची वाट

निघताना धन्याच्या बायकोने कुत्रीच्या अंगाखालचे घोंगडे गुंडाळून आमच्या हाती दिले आणि पदर डोळ्यांना लावला. ते घोंगडे कशाला, असे मला वाटले. पुढे तेच कामाला आले.

उमदीच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. पट्टा मीच बांधला होता, आपल्या गावठी कुत्र्याला बांधतो तसा. या जातीचे डोके अरुंद असते, मानेएवढेच. ट्रकचा भोंगा वाजला, तिने मान मागे ओढली, पट्टा हातात राहिला आणि तेवीस हजारांचा सौदा डोळ्यांदेखत शाळवात शिरला. पुढचे दोन तास मी ते रान तुडवले, हाका मारल्या. ती शंभर पावलांवर दिसे आणि मी पुढे झालो की नाहीशी होई. सूर्य बुडायला आला होता.

शेवटी दाजी म्हणाले, “पाव्हणं, तुम्ही गाडीत बसा.” त्यांनी बांधावर ते घोंगडे पसरले, त्याच्या एका कडेला रानाकडे पाठ करून बसले आणि तंबाखू मळू लागले. हाक नाही, वळून पाहणे नाही. अर्ध्या तासाने ती आली, घोंगडे हुंगले आणि त्यावर अंग टाकून बसली. दाजींनी आणखी थोडा वेळ तसाच जाऊ दिला आणि मग हळूच हात तिच्या मानेवर ठेवला. मेंढरांत जन्म गेलेला माणूस तो. त्याला जनावराचे भय कळते. मला पुस्तक कळत होते.

तेव्हा वाचकहो, रुंद पट्टा घ्या, कानामागे घट्ट बसेल असा, किंवा छातीचा पट्टा वापरा. मोठी कुत्री घरी आणल्यावर निदान पंधरा दिवस मोकळी सोडू नका. एकाच माणसाने खाऊ घालावे. आमच्याकडे हे माझ्या बहिणीने केले. मेंढरे असतील तर मेलेल्या जनावराची कच्ची आतडी, फुप्फुसे कुत्र्याला घालू नका आणि दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्या. मेंढराला गरगर फिरायला लावणारा गिड रोग आणि माणसाच्या पोटात गाठी करणारा जंत कुत्र्याच्याच वाटेने येतो.

आता वैशाख आला. राखाडी कुत्री वाघुरीच्या कडेला झोपते. तिच्या येण्यानंतर एकही कोकरू गेले नाही, असे बहीण सांगते. सगळे श्रेय कुत्रीचेच असे मी म्हणणार नाही, कारण दाजींनी वाघूरही नवी घेतली. म्हातारी कुत्री अजून आहे. तिला ऐकू येत नाही, पण नवी उठली की तीही उठते आणि उगीच एकदा भुंकते. भाचीने नवीचे नाव ‘घटप्रभा’ ठेवले आहे, हाक मात्र ‘घाटी’ अशी मारते. पहिल्या हाकेला ती येते, आणि भाचीच्या शेजारी बसून अंधारात रानाकडे बघत राहते.